चित्राचा कित्ता

मागच्या धड्यांत आपण अक्षरे शिकलो, जोडाक्षरे शिकलो, पत्र लिहायला शिकलो. आता हात थोडा वळला आहे. पेन्सिल धरून बोटे दुखत नाहीत. रेघ पूर्वीसारखी थरथरत नाही. म्हणून या धड्यात आम्ही जरा निराळा विषय घेतला आहे. तो म्हणजे चित्र काढणे आणि रंगवणे.

चित्र हा शब्द वाचूनच काही मंडळी पान उलटतील. "ते देवाच्या देणगीचे काम. आमच्या हातात ते नाही. आणि आता या वयात कुठे?" असे म्हणतील. रात्रीच्या वर्गाच्या पहिल्या दिवशी अक्षरांविषयीही आम्ही हेच ऐकले होते. तरी आज तुम्ही हे पान वाचीत आहात.

अक्षर कसे आले ते आठवा. जुन्या शाळेत मुलगा आधी धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवी. मग पंतोजी चांगल्या वळणाचा एक नमुना लिहून देत. तो समोर ठेवून मुलगा खाली तसेच लिहीत जाई. त्या नमुन्याला कित्ता म्हणत. शंभर वेळा कित्ता गिरवला म्हणजे हाताला वळण लागे. दुसऱ्याचे अक्षर पाहून लिहिले म्हणून त्या मुलाला कोणी चोर म्हणत नसे. उलट जो गिरवीत नसे त्यालाच छडी बसे.

चित्रालाही कित्ता असतो. कथेबरोबर छापलेले चित्र, वर्तमानपत्रातले व्यंगचित्र, दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ, मुलांच्या पुस्तकातला ससा, हे सगळे चित्राचे कित्तेच आहेत. ते कसे गिरवावेत, त्यांतून काय शिकावे, आणि गिरवणे सोडून पुढे केव्हा जावे, ते या धड्यात पाहू.

व्यंगचित्रच का घ्यावे?

नव्याने शिकणाऱ्याने देवळातली मूर्ती किंवा खरा माणूस समोर बसवून एकदम चित्र काढायला घेतले, तर तो गांगरतो. खऱ्या माणसाच्या तोंडावर उजेड असतो, सावली असते, सुरकुत्या असतात. शिवाय माणूस हलतो. यांतले काय घ्यावे आणि काय सोडावे तेच कळत नाही.

व्यंगचित्रकाराने ही निवड आपल्यासाठी आधीच केलेली असते. शंभर सुरकुत्यांतून त्याने तीन निवडल्या. डोळ्यासाठी एक ठिपका दिला. नाकासाठी एक वळण काढले. एवढ्यावर माणूस रागावलेला की हसरा, ते आपल्याला कळते. रेघा थोड्या असल्यामुळे त्या मोजता येतात, आणि जे मोजता येते ते शिकता येते.

महाराष्ट्रात असे कित्ते भरपूर आहेत. दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८-१९७६) हे दोघे मूळचे गोव्याकडचे चित्रकार. त्यांनी मराठी मासिकांची आणि पुस्तकांची पाने नि मुखपृष्ठे कितीतरी वर्षे सजवली. दलालांचा 'दीपावली' अंक १९४५ साली सुरू झाला. पुष्कळ घरांत अंक वाचून झाला तरी त्यातली चित्रे कापून जपून ठेवीत. शि. द. फडणीस यांचा जन्म १९२५ चा. त्यांची व्यंगचित्रे एका शब्दावाचून हसवतात. शाळेच्या गणिताच्या पुस्तकांतही त्यांची चित्रे होती. त्यांची रेघ स्वच्छ, बांधीव असते आणि आतला रंग सपाट भरलेला असतो. नवशिक्याला याहून सोयीचा कित्ता कोठला?

मोठ्यांनीही गिरवले

आता कोणी म्हणेल, "हे शिकाऊ लोकांचे झाले. मोठे चित्रकार असे काही करीत नसतील." तर त्यांचेही ऐकावे.

युरोपात हॉलंड नावाचा देश आहे. तिथे १८५३ साली विन्सेंट व्हॅन गॉग नावाचा माणूस जन्मला. त्याने आधी चित्रांच्या दुकानात नोकरी केली, मास्तरकी केली, मग बेल्जियममध्ये कोळशाच्या खाणीतल्या मजुरांत धर्मोपदेशक म्हणून काम केले. ते कामही सुटले. १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रकार व्हायचे ठरवले. हाती काही नव्हते. मग त्याने काय केले? चित्रकला शिकवण्यासाठी छापलेले नमुन्यांचे कागद मिळवले आणि ते एकामागून एक पाहून काढले. मिले नावाच्या फ्रेंच चित्रकाराची शेतकऱ्यांची छापील चित्रे त्याने गिरवली. पेरणारा, कापणी करणारा, खणणारा, अशी ती चित्रे होती. विलायती साप्ताहिकांत बातम्यांबरोबर येणारी चित्रेही तो जमवी. अशी हजाराच्या वर चित्रे त्याने साठवली होती.

पुढे १८८७ साली पॅरिसमध्ये त्याला जपानी चित्रांचा नाद लागला. एका फ्रेंच मासिकाच्या मुखपृष्ठावर एइसेन या जपानी चित्रकाराचे एका स्त्रीचे चित्र छापले होते. व्हॅन गॉगने ते पातळ कागदावर उतरवून घेतले, त्यावर चौकोनांची जाळी आखली, आणि तेच चित्र मोठे करून तैलरंगात रंगवले. हिरोशिगे या दुसऱ्या जपानी चित्रकाराचीही दोन चित्रे त्याने अशीच काढली. त्या दोन चित्रांच्या चौकटीवर त्याने जपानी अक्षरे काढली आहेत. ती त्याने दुसऱ्या जपानी चित्रांवरून पाहून घेतली होती. त्याला जपानी वाचता येत नव्हते. म्हणजे एवढा मोठा चित्रकारसुद्धा, अक्षर ओळखत नसताना, नुसते वळण पाहून ते गिरवीत होता. आपल्या वर्गातल्या मंडळींना ही गोष्ट लगेच समजेल.

१८८९ साली तो आजारी पडून रुग्णालयात राहिला. तेव्हा त्याने मिलेची चित्रे पुन्हा समोर घेतली. ती छापील चित्रे काळ्या-पांढऱ्या रंगांत होती. रंग त्याने आपल्या मनाने दिले. दुसऱ्याने बांधलेली चीज गवई आपल्या गळ्याने गातो, तसेच हे काम आहे, अशा अर्थाचे त्याने भावाला लिहिले होते. १८९० साली तो वारला. त्याच्या हातची ही चित्रे आज कोणी नक्कल म्हणून बाजूला टाकीत नाही.

जपानात तर गिरवण्यासाठीच चित्रांची पुस्तके निघत. होकुसाई (१७६०-१८४९) या चित्रकाराने असे एक पुस्तक केले. त्याचा पहिला भाग १८१४ साली निघाला. पुढे भाग वाढत गेले. शेवटचा, पंधरावा भाग त्याच्या मृत्यूनंतर, १८७८ साली निघाला. त्यात पैलवान आहेत, मासे आहेत, पक्षी आहेत, कामकरी माणसे आहेत. शिकणाऱ्याने पाहावे आणि काढावे, म्हणून ही हजारो छोटी चित्रे त्याने दिली. त्या पुस्तकाच्या नावात 'मांगा' हा शब्द होता. आज आपली मुले मोबाइलवर जपानी चित्रकथा पाहून चित्रे काढतात. त्या चित्रकथांनाही मांगाच म्हणतात.

आता आपल्या देशातले उदाहरण. आर. के. लक्ष्मण यांचा जन्म १९२१ साली म्हैसुरात झाला. वाचता येण्याच्या आधीपासून ते घरी येणाऱ्या इंग्रजी मासिकांतली चित्रे तासन्‌तास पाहत बसत. पुढे डेव्हिड लो या विलायतेतल्या व्यंगचित्रकाराच्या चित्रांनी त्यांना वेड लावले. लो आपली सही अशा झोकात करी, की लक्ष्मण कित्येक दिवस ते नाव 'काऊ', म्हणजे गाय, असे वाचीत. नाव धड वाचता आले नाही, पण रेघ बरोबर वाचली! स्वतः लो हेही मूळचे न्यूझीलंडचे. विलायतेहून येणारी चित्रांची साप्ताहिके पाहूनच त्यांनी लहानपणी हात वळवला होता. म्हणजे एकाच्या कित्त्यावरून दुसरा शिकला, आणि दुसऱ्याच्या कित्त्यावरून तिसरा.

लक्ष्मण यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश मागितला तेव्हा तो त्यांना मिळाला नाही. तरी १९५१ पासून पन्नासांहून अधिक वर्षे त्यांचा 'कॉमन मॅन' वर्तमानपत्रात येत राहिला. चौकड्यांचा कोट, धोतर आणि चष्मा घातलेला तो म्हातारा कधी एक शब्द बोलला नाही. लक्ष्मण २०१५ साली पुण्यात वारले.

"यात तुझे काय?"

आमच्या वर्गात एक बाई येत असत. वय पंचेचाळिसाच्या पुढे. दिवसा भाजी विकायच्या आणि रात्री वर्गाला यायच्या. वर्गातल्या पेटीत जुने दिवाळी अंक होते. त्यांतला एक अंक त्या घरी घेऊन गेल्या. त्यात डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईचे चित्र होते. त्यांनी ते चार रात्री बसून काढले. मुलाच्या रंगपेटीतले रंग घेऊन रंगवले. मुलाने पाहिले आणि तो हसला. म्हणाला, "आई, हे तर बघून काढलंय. यात तुझं काय?"

पुढे दोन आठवडे बाई वर्गाला आल्या नाहीत. चित्राची लाज वाटली, तिच्याबरोबर अक्षरही सुटले. आल्या तेव्हा अंक परत करायला आल्या होत्या. आम्ही त्यांना पाटीवर नाव लिहायला सांगितले. त्यांनी लिहिले. आम्ही विचारले, "बाई, हे अक्षर कसे आले?" त्या म्हणाल्या, "गिरवून आलं, गुरुजी." "मग हे नाव कोणाचे?" "माझं." "आणि अक्षर?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तेही माझंच की."

मुलगा वाईट नव्हता. त्याच्या प्रश्नात अर्थही होता. पाहून काढलेल्या चित्रात आपले काय, हा प्रश्न प्रत्येक शिकणाऱ्याने स्वतःला विचारलाच पाहिजे. पण तो लाजून काम सोडण्यासाठी नाही. पुढची पायरी चढण्यासाठी तो विचारायचा. आम्हाला वाटते, गिरवलेल्या चित्रात दोन गोष्टी आपल्या असतात. एक, त्यासाठी लावलेली नजर. दुसरी, त्यातून हाताला लागलेले वळण. चित्रातली कल्पना मात्र मूळ चित्रकाराची. ती आपली नव्हे.

गिरवावे कसे?

सामान थोडे लागते. एक एचबी पेन्सिल, एक मऊ २ बी पेन्सिल, खोडरबर, पट्टी, एका बाजूने कोरे असलेले कागद, पोस्टर रंगांच्या चार-पाच बाटल्या, एक बारीक आणि एक जाड ब्रश. पाण्याची भांडी दोन घ्यावीत. एकात ब्रश धुवावा आणि दुसऱ्यातले स्वच्छ पाणी रंगात घालावे. एकाच भांड्यावर भागवले तर सगळे रंग मळकट होतात.

पहिली पायरी, पाहणे. पेन्सिल उचलण्याआधी पाच मिनिटे चित्र नुसते पाहावे. सर्वांत जाड रेघ कोठे आहे? सर्वांत बारीक कोठे? उजेड कोणत्या बाजूने येतो? माणसाचा भार कोणत्या पायावर आहे? चांगल्या चित्रात रेघ सगळीकडे सारखी नसते. बैलाच्या पोटाखाली ती जाड असते, पाठीवर बारीक. त्यामुळेच बैलाला वजन येते.

दुसरी पायरी, मोठे आकार. डोळ्यापासून सुरुवात करू नये. नवशिका नेहमी डोळ्यापासून सुरू करतो आणि शेवटी पायाला कागद पुरत नाही. आधी फिकट रेघेने डोक्यासाठी अंडाकार, धडासाठी चौकोन, हातापायांसाठी काठ्या असा सांगाडा काढावा. तो कागदावर नीट बसला म्हणजे मग कपडे, मग चेहरा. घर बांधताना आधी खांब उभे करतात, रंग शेवटी देतात. तसेच हे.

तिसरी पायरी, चौकोनांची जाळी. आकार जमत नसेल तर ही युक्ती करावी. समजा, छापील चित्र १० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच आहे. त्यावर एकेक सेंटिमीटरचे चौकोन आखले तर आडवे १० आणि उभे १५, असे १५० चौकोन होतील. आपल्या कागदावर दोन-दोन सेंटिमीटरचे तितकेच चौकोन आखावेत. मग प्रत्येक चौकोनात जी रेघ दिसते तीच आपल्या चौकोनात काढावी. चित्र २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच होईल. लांबी-रुंदी दुप्पट, पण जागा चौपट. पुस्तक खराब करू नये. जाळी पातळ पारदर्शक कागदावर आखून तो कागद चित्रावर ठेवावा.

फ्लेक्सचे छापील फलक येण्यापूर्वी सिनेमाची मोठमोठी चित्रे हातानेच रंगवीत. छोट्या फोटोवरून भिंतीएवढे तोंड काढायचे, तर अशी चौकोनांचीच युक्ती कामी येई. पंढरपुरास १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन हे तरुणपणी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरीत. पुढे ते जगप्रसिद्ध चित्रकार झाले.

चौथी पायरी, उलटे चित्र. ही युक्ती गमतीची आहे. कित्ता उलटा ठेवावा, डोके खाली आणि पाय वर. मग तसाच उलटा काढावा. सरळ चित्र पाहताना आपले मन सांगते, "हे नाक आहे," आणि हात आपल्या सवयीचे नाक काढून मोकळा होतो. उलट्या चित्रात नाक ओळखू येत नाही. मग समोर जी रेघ आहे तीच आपण काढतो. पुष्कळांना आपलेच उलटे काढलेले चित्र सरळ केल्यावर नवल वाटते.

पाचवी पायरी, रंग. तांबडा, पिवळा आणि निळा या तीन रंगांपासून पुष्कळ रंग होतात. पिवळा आणि निळा मिळून हिरवा. तांबडा आणि पिवळा मिळून नारिंगी. तांबडा आणि निळा मिळून जांभळा. मिसळताना फिका रंग आधी घ्यावा आणि त्यात गडद रंग थेंबाथेंबाने घालावा. निळ्यात पिवळा घालीत बसलात तर बाटली संपेल आणि पोपटी रंग येणार नाही. पोस्टर रंग वाळल्यावर त्याची छटा थोडी बदलते. म्हणून रद्दी कागदावर आधी एक पट्टा ओढावा, तो वाळू द्यावा, मगच चित्रात तो रंग भरावा. एक रंग वाळल्याशिवाय शेजारचा लावू नये.

छापील चित्रातला रंग हुबेहूब जुळला नाही तर खंत करू नये. मासिकातले रंगीत चित्र भिंगातून पाहा. तिथे सपाट रंग नसतो. आकाशी, किरमिजी, पिवळे आणि काळे असे बारीक ठिपके असतात. ते दुरून एकमेकांत मिसळलेले दिसतात. छापखान्याने ठिपक्यांनी जे केले ते आपल्याला ब्रशाने करायचे आहे. वाट निराळी असल्यामुळे थोडा फरक राहणारच.

कोठे फसगत होते?

व्यंगचित्राच्या कित्त्यात एक धोका आहे. व्यंगचित्रकार मुद्दाम खोटे माप देतो. मोठ्या माणसाची उंची साधारणपणे त्याच्या डोक्याच्या साडेसातपट असते. व्यंगचित्रातला माणूस पुष्कळदा डोक्याच्या तीनपट किंवा चारपटच असतो. त्यामुळे त्याचे तोंड मोठे दिसते आणि तोंडावरचा भाव दुरूनही कळतो. चित्रकाराला खरे माप माहीत असते. काय मोडायचे ते ठाऊक असते, म्हणूनच तो ते ठरवून मोडतो. आपण मात्र तेवढेच पाहून शिकलो, तर मोडलेले मापच खरे समजून बसतो.

म्हणून घरात एक मोजणी करावी. दोरा घेऊन हनुवटीपासून टाळूपर्यंत उभे माप घ्यावे. मग त्याच दोऱ्याने उभ्या माणसाची उंची मोजावी. वर्षाच्या मुलाची मोजावी. ते मूल आपल्या डोक्याच्या सुमारे चारपटच भरेल. मग माणसाचे डोळे डोक्यात कोठे आहेत ते पाहावे. सगळे म्हणतात, वर कपाळाजवळ. मोजले म्हणजे कळते, ते टाळू आणि हनुवटी यांच्या जवळजवळ मधोमध आहेत.

दुसरी फसगत याहून मोठी आहे. काही जण आयुष्यभर कित्ताच गिरवीत राहतात. हात इतका सफाईदार होतो, की पाहणारे वाहवा करतात. पण पुस्तक मिटले की त्यांना दारातली शेळीही काढता येत नाही. हे कसे झाले? त्यांनी रेघ पाहिली, पण ती रेघ तिथे का आहे ते विचारले नाही. धड्यावर धडे उतरवून काढणारा आणि स्वतःचे चार ओळींचे पत्र लिहू न शकणारा मुलगा प्रत्येक शाळेत असतो. तसेच हे आहे.

यावर उपाय तीन कागदांचा. पहिल्या कागदावर कित्ता पाहून काढावा. मग पुस्तक मिटावे आणि दुसऱ्या कागदावर तेच चित्र आठवून काढावे. जे आठवले नाही ते आपण पाहिलेच नव्हते, असे समजावे. पुस्तक उघडून तेवढेच पुन्हा पाहावे. शाळेतल्या मुलांच्या एलिमेंटरी रेखाकला परीक्षेत स्मरणचित्र हा भाग असतो, तो याचसाठी. तिसऱ्या कागदावर खरी वस्तू समोर ठेवून चित्र काढावे. कित्त्यात शेळी असेल तर शेळीच्या गोठ्यात जावे. कित्त्यात घागर असेल तर घरातली घागर घ्यावी.

लक्ष्मण यांनी हेच केले होते. लो यांची चित्रे पाहून डोळा तयार झाला. पण रोजचा सराव त्यांनी खिडकीबाहेर पाहून केला. वाळक्या फांद्या, पाने, सरडे, लाकूड फोडणारा गडी आणि समोरच्या छपरावरचे कावळे. कावळा त्यांनी किती तऱ्हांनी काढला असेल! बसलेला, उडणारा, मान वाकडी करून पाहणारा. लो यांची रेघ घेतली, पण ती म्हैसूरच्या कावळ्यावर चालवून पाहिली. तिथे ती त्यांची स्वतःची झाली.

भाजी विकणाऱ्या त्या बाईंनाही आम्ही तिसरा कागद दिला. त्यांनी आपली पाटी समोर ठेवून काढली. वांग्यांचा आकार अंकातल्यापेक्षा ओबडधोबड आला. पण अंकातल्या पाटीत वांगी आणि मेथी एकत्र भरली होती. बाईंनी मेथी वर ठेवली. म्हणाल्या, "वांग्याखाली मेथी ठेवली तर दुपारपर्यंत दबून काळी पडते." हे मूळ चित्रात नव्हते. बाईंच्या पाटीत होते, म्हणून त्यांच्या चित्रात आले. मुलाच्या प्रश्नाचे ते उत्तर होते.

नाव कोणाचे लिहावे?

आता व्यवहाराची एक गोष्ट. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. चित्रकार हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या चित्रांवरचा हक्क राखलेला असतो. दलाल १९७१ साली वारले. म्हणजे त्यांनी काढून प्रसिद्ध केलेल्या चित्रांवरचा हक्क २०३१ साल संपेपर्यंत राहतो. स्वतःच्या अभ्यासासाठी घरी चित्र पाहून काढायला कायद्याची आडकाठी नाही. पण तेच चित्र छापून विकणे, दुकानाच्या पाटीसाठी वापरणे किंवा आपल्या नावाने स्पर्धेला पाठवणे हे वेगळे. परवानगी नसेल तर ते करू नये.

कायदा बाजूला ठेवला तरी रीत म्हणून एक सवय लावून घ्यावी. पाहून काढलेल्या चित्राखाली लिहावे, "अमुक चित्रकाराच्या चित्रावरून." खाली आपले नाव आणि तारीख घालावी. यात कमीपणा काही नाही. गवई उस्तादाचे नाव घेताना कानाला हात लावतो, त्याने त्याचे गाणे लहान होत नाही.

करून पाहा

१. घरातल्या जुन्या मासिकातून किंवा वर्तमानपत्रातून एक व्यंगचित्र निवडा. त्यात एकच माणूस किंवा एकच प्राणी असावा. त्यातल्या रेघा मोजा.

२. ते चित्र उलटे ठेवून एकदा काढा. मग सरळ ठेवून चौकोनांच्या जाळीने दुप्पट मोठे काढा. मोठ्या चित्रात तीनच रंग भरा.

३. पुस्तक मिटून तेच चित्र आठवून काढा. काय विसरले ते शेजारी लिहून ठेवा. अक्षरांचाही सराव होईल.

४. त्या चित्रातली एक वस्तू घरात, अंगणात किंवा बाजारात शोधा आणि ती समोर ठेवून काढा. चित्रात नसलेली, पण खऱ्या वस्तूत दिसलेली एक गोष्ट त्यात आणा.

पुढच्या आठवड्यात वर्गाला येताना पाहून काढलेला, आठवून काढलेला आणि खऱ्या वस्तूवरून काढलेला, असे तीन कागद घेऊन यावे. वाईट आले म्हणून फाडू नयेत. पहिल्या दोन्ही कागदांवर मूळ चित्रकाराचे नाव आधी लिहावे आणि मग आपले. तिसऱ्यावर आपलेच नाव पुरे.